गांजा सापडला, पण नशा होती का?

‘संशयितांची वैद्यकीय चाचणी पॉझिटिव्ह आली.’ एखाद्या फार्महाउसवर धाड पडली की पुढच्या काही दिवसांत ही ओळ बातमीत येतेच. २००७ साली सिंहगडाच्या पायथ्याजवळच्या पार्टीवर छापा पडला, अडीचशेहून जास्त तरुण-तरुणींना ताब्यात घेऊन त्यांचे रक्ताचे आणि लघवीचे नमुने घेतले गेले, तेव्हापासून तर ती आपल्या चांगलीच अंगवळणी पडली आहे. ओळ वाचली की आपल्या लेखी खटला तिथेच संपतो. पॉझिटिव्ह म्हणजे नशेत होते, आणि नशेत होते म्हणजे पकडले ते बरंच झालं. नेमका कोणता पदार्थ सापडला, रक्तात की लघवीत, किती सापडला, आणि नमुना किती वाजता घेतला होता, यातलं काहीच बातमीत नसतं. आपणही विचारत नाही.

माझं म्हणणं असं की ही माहिती नसेल तर त्या ओळीवरून नशेबद्दल काहीही ठरवता येत नाही, आणि गांजाच्या बाबतीत तर ती सरळसरळ दिशाभूल करते. हे गांजाचं वकीलपत्र नव्हे. गांजा ओढून गाडी चालवणारा माणूस धोकादायकच असतो आणि त्याला अडवलंच पाहिजे. प्रश्न आहे तो कसा ओळखायचा याचा. त्याचं उत्तर गेली पन्नास-साठ वर्षं उंदीर, कुत्री आणि डुकरं यांच्यावरचे प्रयोग देत आले आहेत. कायद्याची अंमलबजावणी करणाऱ्यांनी ते फारसं मनावर घेतलेलं नाही.

त्यातला एक प्रयोग जरा जवळून बघू. गांजातलं झिंग आणणारं मुख्य रसायन म्हणजे टीएचसी. इस्राएलमध्ये राफाएल मेशुलाम आणि येहिएल गाओनी यांनी १९६४ साली ते शुद्ध स्वरूपात वेगळं केलं. फ्रान्समधल्या न्यायवैद्यक संशोधकांनी २००६ साली लार्ज व्हाइट जातीच्या डुकरांना मानेच्या शिरेतून दर किलो वजनामागे २०० मायक्रोग्रॅम टीएचसी दिलं. मग अर्ध्या तासाने, दोन तासांनी, सहा तासांनी आणि चोवीस तासांनी काही जनावरं मारून त्यांचे अवयव तपासले. अर्ध्या तासाच्या टप्प्यावर सगळ्यात जास्त टीएचसी फुफ्फुसांत होतं. मेंदूतही होतं, पण सगळीकडे सारखं नव्हतं. लहान मेंदूत आणि मेंदूच्या बाहेरच्या थरात जेवढं होतं, त्याच्या निम्मंच लंबमज्जेत होतं. (श्वास चालू ठेवणारं केंद्र याच भागात असतं आणि टीएचसी पेशींवरच्या ज्या ग्राहकांना (रिसेप्टर) चिकटतं ते तिथे विरळ असतात. अफूच्या अतिसेवनाने श्वास बंद पडून माणूस जातो तसा गांजाने सहसा जात नाही, त्यामागचं हे एक कारण.) यकृताने आपल्या वाट्याचं टीएचसी इतक्या झपाट्याने संपवलं की सहा तासांनी तिथे ते सापडेना. चरबीत मात्र चोवीस तासांनंतरही ते बऱ्यापैकी शिल्लक होतं.

म्हणजे जनावर तेच, डोसही तोच. दुसऱ्या दिवशी यकृत तपासणारा म्हणेल की काही सापडत नाही, आणि चरबी तपासणारा म्हणेल की भरपूर आहे. दोघंही खरं बोलतात. आणि ते जनावर त्या क्षणी झिंगलेलं होतं का, हे दोघांपैकी कुणालाच सांगता येत नाही.

यामागचं कारण साधं आहे. टीएचसी पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, चरबीत सहज मुरतं. रक्तात उतरलं की ते आधी भरपूर रक्तपुरवठा असलेल्या अवयवांकडे जातं, म्हणजे फुफ्फुसं, मेंदू, यकृत, हृदय. चरबीला रक्तपुरवठा बेताचाच, त्यामुळे तिथे ते उशिरा आणि सावकाश जमतं, आणि बाहेरही तितक्याच सावकाश पडतं. रोज ओढणाऱ्याच्या चरबीत रोजची भर पडत जाते. अमेरिकेत ज्युलियस अ‍ॅक्सेलरॉड यांनी एका सहकाऱ्याबरोबर १९७३ साली किरणोत्सारी खूण लावलेलं टीएचसी उंदरांना रोज टोचून याचा माग काढला. सात दिवसांनी चरबीतलं प्रमाण मेंदूतल्या प्रमाणाच्या २१ पट होतं, सत्तावीस दिवसांनी ६४ पट. मेंदूत ते थांबत नव्हतं, चरबीत साचत होतं.

याच अ‍ॅक्सेलरॉड यांनी उमेदवारीच्या काळात न्यूयॉर्कमध्ये औषधशास्त्रज्ञ बर्नार्ड ब्रोडी यांच्या हाताखाली काम केलं होतं. पुढे १९७० साली त्यांना नोबेल मिळालं, ते दुसऱ्याच कामासाठी. ब्रोडींच्या गटाचं थायोपेंटल या भुलीच्या औषधावरचं काम आपल्या प्रश्नाशी थेट जोडलेलं आहे. थायोपेंटल शिरेतून दिलं की मिनिटाच्या आत माणूस झोपतो आणि एका डोसनंतर पाच-दहा मिनिटांत जागा होऊ लागतो. पण तेवढ्या वेळात औषध शरीराबाहेर गेलेलं नसतं. त्याला कित्येक तास लागतात. मग माणूस जागा कसा झाला? औषध मेंदूतून निघून दुसऱ्या ऊतींत जाऊन बसलं म्हणून. ब्रोडींनी कुत्र्यांवर प्रयोग करून १९५२ साली सांगितलं की ते चरबीत जातं. १९६० साली प्राइस यांनी हिशेब मांडून दाखवलं की पहिल्या काही मिनिटांत चरबी एवढं औषध ओढूच शकत नाही, तिथे रक्तच कमी पोचतं. आधी ते स्नायूंत जातं, चरबीचा नंबर नंतर लागतो. तपशील दुरुस्त झाला, मूळ गोष्ट पक्की राहिली. शुद्धीवर येऊन घरच्यांशी बोलणाऱ्या रुग्णाच्या शरीरात बरंचसं औषध अजून असतंच. त्याचं रक्त तपासून ‘हा बेशुद्ध आहे’ असा दाखला कुणी दिला, तर आपण त्या डॉक्टरला वेड्यात काढू. गांजाच्या बाबतीत आपण जवळपास तसाच दाखला मान्य करतो.

असं का होतं? माझ्या मते दारूने आपल्याला तशी सवय लावली. दारूतलं अल्कोहोल पाण्यात पूर्ण मिसळतं. वरणात मीठ घालून ढवळल्यावर कुठलाही चमचा चाखला तरी खारटपणा सारखाच लागतो, तसं अल्कोहोल शरीरातल्या सगळ्या पाण्यात पसरतं. रक्तातलं प्रमाण कळलं की मेंदूतलं कळल्यात जमा, आणि फुंकरीतल्या हवेवरून रक्तातलं काढता येतं. स्वीडनच्या एरिक विडमार्क यांनी याचं गणित १९३२ सालीच पुस्तकात बांधून ठेवलं. म्हणूनच मोटार वाहन कायद्याचं कलम १८५ दारूसाठी एक आकडा देऊ शकतं. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असेल तर गुन्हा. नाकाबंदीवरच्या हवालदारालाही हा आकडा तोंडपाठ असतो. दारूला मोजमाप आहे, मग गांजालाही असणारच, असं आपण धरून चालतो.

गंमत म्हणजे कायदा लिहिणाऱ्यांनी ही चूक केलेली नाही. त्याच कलम १८५चा दुसरा भाग अंमली पदार्थांसाठी आहे. तिथे आकडा नाही. पदार्थाच्या अमलामुळे वाहनावर नीट ताबा ठेवता येणार नाही अशी अवस्था असेल, तर गुन्हा. शरीरात काय सापडलं यापेक्षा माणसाची अवस्था काय होती हे तिथे सिद्ध करायचं आहे. शिक्षा दोन्हींना सारखीच: पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद, १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. कायद्याने शहाणपणाने सोडलेली ही जागा आपण लघवीच्या पट्टीने भरू पाहतो आहोत.

त्या पट्टीत नेमकं काय दिसतं तेही बघू. यकृत टीएचसीचं आधी एका सक्रिय पदार्थात आणि मग टीएचसी-सीओओएच नावाच्या निष्क्रिय पदार्थात रूपांतर करतं. या दुसऱ्याने कुणाला झिंग येत नाही. लघवीत मुख्यतः तोच उतरतो आणि पट्टी त्यालाच पकडते. नेहमीची मर्यादा मिलिलिटरला ५० नॅनोग्रॅम. चरबीतून टीएचसी झिरपत राहतं, यकृत त्याचं रूपांतर करत राहतं, म्हणून रोजची सवय असलेल्या माणसाने ओढणं सोडल्यावरही कित्येक आठवडे पट्टी पॉझिटिव्ह येऊ शकते. अमेरिकेत बॉल्टिमोरच्या सरकारी संशोधन केंद्रात रोज गांजा ओढणाऱ्यांना महिनाभर देखरेखीखाली आत ठेवून त्यांचं रक्त तपासलं गेलं. त्यांच्यातल्या काहींच्या रक्तात खुद्द टीएचसी महिन्याच्या शेवटीही थोडंसं सापडत होतं. लघवी सोडून रक्त घेतलं म्हणजे प्रश्न मिटला, असंही नाही.

सिडनीच्या संशोधकांचा २००९ सालचा उंदरांवरचा अभ्यास याच वाटेने आणखी पुढे जातो. उंदरांना दहा दिवस रोज टीएचसी दिलं आणि थांबवलं. मग काहींना चोवीस तास उपाशी ठेवलं, काहींना ताण आल्यावर शरीरात स्रवणारं एसीटीएच हे संप्रेरक टोचलं. उपास आणि ताण या दोन्हींत चरबी वितळते, आणि दोन्ही गटांच्या रक्तात गांजाच्या खुणा वाढल्या. पुढे त्याच विद्यापीठात नियमित ओढणाऱ्या माणसांना ३५ मिनिटं स्थिर सायकल चालवायला लावली, तेव्हा रक्तातलं टीएचसी थोडं वाढलेलं दिसलं. माणसांवरच्या दुसऱ्या एका छोट्या अभ्यासात उपास आणि व्यायामाने काही मोठा फरक पडला नाही, त्यामुळे उंदरांवरून माणसाबद्दल फार जोरात बोलू नये. पण रात्रभर कोठडीत उपाशीपोटी आणि भेदरलेल्या अवस्थेत बसलेल्या मुलाचा नमुना सकाळी घेतला जातो, तेव्हा त्या आकड्याकडे किती विश्वासाने बघायचं, हा विचार मनात आल्याशिवाय राहत नाही.

इथे एक उलटी बाजू आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. गांजा ओढल्यावर रक्तातलं टीएचसी काही मिनिटांतच, बहुधा ओढणं चालू असतानाच, शिखरावर पोचतं आणि मग धाडकन खाली येतं. झिंग मात्र त्यानंतर चढते आणि दोन-तीन तास टिकते. रक्तातला आकडा उतरणीला लागलेला असताना नशा चढणीवर असते. अपघातानंतर पोलीस स्टेशन, तिथून सरकारी रुग्णालय, तिथली रांग, असं करत दोन-तीन तासांनी रक्त काढलं, तर खरोखर नशेत गाडी ठोकणाऱ्याचा आकडाही अगदी किरकोळ येऊ शकतो. गांजा खाल्ला असेल तर वेळापत्रक आणखी वेगळं. पोटातून शोषण सावकाश होतं, शिखर तास-दोन तासांनी येतं आणि यकृतातून जाताना तो सक्रिय उपपदार्थ जास्त बनतो. त्यामुळे केवळ आकड्यावर विसंबणारी व्यवस्था महिन्यापूर्वी ओढलेल्याला अडकवते आणि आत्ता ओढलेल्याला सोडून देते. अंमली पदार्थांबद्दल ज्यांना सर्वात कडक कायदा हवा आहे, त्यांनाही हे पटायला हरकत नसावी.

ज्या देशांनी तरीही आकडा ठरवला, त्यांची अवस्था बघा. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याने रक्तात मिलिलिटरला ५ नॅनोग्रॅम धरले. ब्रिटनने २०१५ पासून २ धरले. जर्मनीत बरीच वर्षं १ चालत होता, तो ऑगस्ट २०२४ मध्ये ३.५ झाला. त्यातही जर्मनीचा आकडा रक्तद्रवातला आणि ब्रिटनचा पूर्ण रक्तातला. टीएचसी रक्तद्रवात जवळपास दुप्पट दिसतं, म्हणजे हे दोन देश तसे जवळजवळच आहेत आणि वॉशिंग्टन दूर. सामान्य वाचकाने यातून काय समजायचं? अमेरिकेच्या ऑटोमोबाइल असोसिएशनच्या सुरक्षा संस्थेने २०१६ साली हजारो चालकांच्या नोंदी तपासून सांगितलं की अशा कुठल्याही एका आकड्याला वैज्ञानिक आधार दिसत नाही. ही संस्था वाहनचालकांच्या सुरक्षिततेसाठी काम करणारी, गांजा खुला करा म्हणणारी नव्हे.

आता नेहमीचा आक्षेप. ‘नशा होती की नव्हती याच्याशी काय देणंघेणं? गांजा बेकायदा आहे. शरीरात सापडला म्हणजे घेतला, घेतला म्हणजे गुन्हा.’ कायद्याच्या चौकटीत या आक्षेपाला वजन आहे. १९८५ च्या एनडीपीएस कायद्याचं, म्हणजे अंमली पदार्थविरोधी केंद्रीय कायद्याचं, कलम २७ सेवनालाच शिक्षा देतं. गांजासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण याच कायद्याने गांजाची व्याख्या करताना फुलोरा आणि फळांचे शेंडे धरले आहेत. शेंड्यांशिवाय असलेली नुसती पानं आणि बिया सोडल्या आहेत. भांग पानांची असते, म्हणून ती केंद्रीय कायद्यातून सुटली आणि राज्यांच्या हाती गेली. महाराष्ट्रात तिच्यावर दारूबंदी कायद्याचे निर्बंध आहेत, पण बनारसला किंवा जैसलमेरला सरकारी परवान्याच्या दुकानात ती उघड मिळते. त्या पानांतही टीएचसीच असतं. होळीला काशीत घोटाभर भांगेची ठंडाई पिऊन आलेला माणूस पुण्यात परतल्यावर पट्टीवर पॉझिटिव्ह येईल. ते रसायन फुलोऱ्यातलं की पानांतलं, हे पट्टीला कळत नाही आणि प्रयोगशाळेतल्या महागड्या यंत्रालाही नाही. तीच गोष्ट कॅनडाचं नागरिकत्व घेतलेल्या आणि सुट्टीत दादरला मामाकडे आलेल्या भाच्याची. तिकडे गांजा २०१८ पासून कायदेशीर आहे. (भाच्याने नागरिकत्व घेतलेलं नसेल तर मात्र पंचाईत. २००१ च्या दुरुस्तीनंतर हा कायदा भारतीय नागरिकाला परदेशातही लागू आहे.)

खसखशीचं प्रकरण त्याहून घरगुती आहे. अनारशाला लावायची खसखस अफूच्याच बोंडातली. तिच्यात मॉर्फिनचा अंश चिकटलेला असू शकतो आणि भरपूर खाल्ली तर लघवीत मॉर्फिन दिसू शकतं. अमेरिकेच्या सरकारने नोकरदारांच्या चाचणीत अफूजन्य पदार्थांची मर्यादा १९९८ साली ३०० नॅनोग्रॅमवरून एकदम २,००० वर नेली, त्यामागचं मोठं कारण खसखसच होतं. २०२३ साली अमेरिकेच्या संरक्षण खात्याने सैनिकांना खसखस टाळा असं बजावलं. भारतात खसखस कायदेशीर आहे, अमिरातीत तिला बंदी आहे. दिवाळीचा डबा घेऊन दुबईला निघालेल्या मंडळींना हे घरच्या कुणीतरी सांगायला हवं.

चाचणीच्या आडाख्यातून होणारं सगळ्यात मोठं नुकसान मात्र वेगळंच आहे, आणि त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. प्रत्येक पदार्थाचा शरीरातला मुक्काम वेगळा असतो. एलएसडी या भास घडवणाऱ्या पदार्थाचं उदाहरण घ्या. अ‍ॅक्सेलरॉड आणि सहकाऱ्यांनी १९५७ साली मांजरांवर मोजमाप केलं, तेव्हा रक्तद्रवातलं एलएसडी १३० मिनिटांत निम्मं होत होतं. माणसातही ते काही तासांचंच पाहुणं. ते मणक्यात वर्षानुवर्षं दडून बसतं ही कॉलेजातली दंतकथा आहे, निव्वळ दंतकथा. कोकेनच्या खुणा लघवीत साधारण दोन ते चार दिवस दिसतात. गांजाच्या खुणा आठवडेच्या आठवडे. आता हॉस्टेलवर किंवा कंपनीत कधीही चाचणी होईल अशी टांगती तलवार ठेवा. हिशेबी पोरगा काय शिकेल? शनिवारी घेतलेलं कोकेन बुधवारी निघून जातं, गांजा नाही. पट्टीवर न दिसणारे कृत्रिम कॅनॅबिनॉइड, म्हणजे टीएचसीसारखा परिणाम करणारी प्रयोगशाळेत बनवलेली रसायनं, बाजारात आहेत, आणि ते गांजापेक्षा कितीतरी घातक आहेत. ब्रिटनच्या तुरुंगांत १९९०च्या दशकात सक्तीची लघवी चाचणी सुरू झाली तेव्हा कैदी गांजा सोडून हेरॉइनकडे वळतील अशी भीती तज्ज्ञांनी व्यक्त केली होती. पुढे तिथे ‘स्पाइस’ नावाच्या कृत्रिम मालाचा सुळसुळाट झाला, त्याच्या कारणांत चाचणीला चकवणं हेही एक मानलं जातं. आपल्याकडे शाळा-कॉलेजांत सरसकट चाचणी करा अशी मागणी अधूनमधून उठते. मागणी करणाऱ्या पालकांची तळमळ खरी आहे, पण या चाचणीतून मुलांना मिळणारा धडा त्यांनी एकदा नीट तपासून बघावा.

मेलेल्या माणसाचीही यातून सुटका नाही. ‘व्हिसेरा राखून ठेवला आहे’ हे वाक्य आपल्याकडे कुणाला नवं नाही. तो कलिन्याच्या किंवा दुसऱ्या कुठल्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत जातो आणि काही महिन्यांनी सी. ए. रिपोर्ट, म्हणजे रासायनिक विश्लेषकाचा अहवाल, येतो. पण मृत्यूनंतरही औषधं शरीरात जागा बदलत राहतात. फुफ्फुसांत आणि यकृतात साठलेलं औषध शेजारच्या रक्तात उतरतं. नैराश्यावरच्या अ‍ॅमिट्रिप्टिलीन या औषधाचा हा प्रवास उंदरांत तपशीलवार तपासला गेला आहे. हृदयातलं रक्त आणि मांडीच्या शिरेतलं रक्त वेगवेगळे आकडे देतात, म्हणून जाणकार मांडीतलं रक्त मागतात. १९९० साली ब्रिटनमधल्या दोन न्यायवैद्यक अभ्यासकांनी आपल्या लेखाच्या शीर्षकातच या प्रकाराला विषशास्त्राचं दुःस्वप्न म्हटलं होतं. अपघात विम्याच्या अटींत नशेच्या अमलाखाली झालेला अपघात वगळलेला असतो. यकृतात अमुक पदार्थ ‘आढळला’ एवढ्या एका शब्दावर एखाद्या विधवेचा दावा अडकू शकतो.

मग करायचं काय? लघवीची पट्टी फेकून द्या असं मी म्हणणार नाही. व्यसनमुक्ती केंद्रात, रुग्णाच्या संमतीने, तो गांजापासून दूर राहतोय का हे बघायला ती उपयोगी आहे. पण कोर्टात, नोकरीत आणि शाळेत नशेचा पुरावा म्हणून तिला थारा नको. रस्त्यावर लाळेची चाचणी त्या मानाने बरी, कारण ती मुख्यतः गेल्या काही तासांतलं सेवन पकडते. केरळ पोलिसांनी तशी व्हॅन रस्त्यावर आणलीही आहे. तीही फक्त संशयाला आधार देते, निकाल देत नाही. निकालासाठी माणूसच तपासावा लागेल.

आणि ती पद्धत आपल्याला नवी नाही. दारूबंदी कायद्याखाली वैद्यकीय तपासणीचे आणि रक्तचाचणीचे नियम १९५९ पासून आहेत. सरकारी रुग्णालयातला वैद्यकीय अधिकारी आणलेल्या माणसाच्या तोंडाचा वास, बोलणं, चालण्यातला तोल, डोळ्यांची बुबुळं बघून छापील नमुन्यात लिहून देतो. रात्रपाळीचा थकलेला डॉक्टर ते पुष्कळदा उरकून टाकतो हे खरं, पण साचा हाताशी आहे. गांजासाठी, झोपेच्या गोळ्यांसाठी आणि एमडीसाठी (मेफेड्रोन) त्यात वेगळे रकाने लागतील. एका पायावर उभं राहता येतं का, सरळ रेषेत चालून वळता येतं का, डोळे मिटून अर्धा मिनिट मोजायला सांगितलं तर किती सेकंद मोजतो, अशा चाचण्या परदेशातले पोलीस रस्त्याच्या कडेला घेतात. त्याही अचूक नाहीत, पण त्यांतून निदान माणसाची त्या वेळची अवस्था नोंदली जाते. मोबाइलवर चित्रीकरण केलं तर पुढे वाद उरणार नाही.

प्रयोगशाळेच्या अहवालातही ‘कॅनॅबिनॉइड आढळले’ एवढंच लिहिणं थांबायला हवं. खुद्द टीएचसी सापडलं की त्याचा निष्क्रिय अवशेष, कशात, किती, कोणत्या यंत्रावर, आणि घटनेनंतर किती तासांनी घेतलेल्या नमुन्यात, हे सगळं अहवालात यावं. यातली शेवटची बाब प्रयोगशाळेच्या हातात नाही. ती पोलिसांनी पंचनाम्यात लिहायची आहे. मुंबईच्या दंडाधिकारी न्यायालयांत कलम २७ची प्रकरणं बहुतेक वेळा गुन्हा कबूल करून दंड भरण्यात संपतात, कारण वकिलाचा खर्च आणि तारखांचा हेलपाटा दंडापेक्षा महाग पडतो. त्यामुळे अहवालाची उलटतपासणी होतच नाही आणि अर्धवट अहवाल लिहिणाऱ्याला कुणी जाब विचारत नाही. सेवनाला गुन्हा ठरवणंच बंद करावं, असं माझं मत आहे. पण त्यासाठी संसदेची वाट बघावी लागेल. नमुना घेतल्याची वेळ लिहायला आणि १९५९ च्या नमुन्यात चार रकाने वाढवायला मात्र गृह आणि आरोग्य खात्यांचं एखादं संयुक्त परिपत्रकही बहुधा पुरेल.